विश्लेषण : बिबट्याचे ठिपके, लुधियानाची वीण, जालन्याचा कापूस… ‘ॲनिमल प्रिंट’ कार्डिगन घेताना आणि घालताना काय पाहावे?

थंडी पडली की मराठवाड्यातील बाजारांत स्वेटरचे ढीग लागतात. यंदाच्या ढिगात बिबट्याचे ठिपके किंवा झेब्र्याचे पट्टे असलेले महिलांचे कार्डिगन उठून दिसत आहेत. मोबाइलवरच्या खरेदीतही हीच नक्षी वारंवार समोर येते. त्यातच सप्टेंबरमध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले आणि मधल्या किमतीच्या कपड्यांवरील कर निम्म्याहून खाली आला. मात्र कापूस पिकवणाऱ्या जालना जिल्ह्यात विकला जाणारा हा कार्डिगन बहुधा कापसाचा नसतो आणि दुकानदार ‘लोकरीचा’ म्हणत असला तरी लोकरीचाही नसतो. मग तो कशाचा असतो, कशावर शोभतो आणि चुलीपाशी जाताना तो काढून का ठेवावा?

कर नेमका किती बदलला?

वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५६व्या बैठकीत ठरलेले दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. त्याआधी १,००० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे थेट १८ टक्के कर आहे. हिशेब प्रत्येक नगावर होतो. कर वगळून १,५०० रुपये किमतीचा कार्डिगन पूर्वी १,६८० रुपयांना पडत होता, तो आता १,५७५ रुपयांना पडायला हवा. उलट ३,००० रुपयांचा कार्डिगन ३,३६० वरून ३,५४० रुपयांवर गेला. हजार रुपयांच्या आतल्या मालावर आधीही ५ टक्केच कर होता. त्यामुळे तालुक्याच्या गावी हातगाडीवर पाचशे-सातशे रुपयांना मिळणारा कार्डिगन ‘जीएसटी कमी झाला’ म्हणून स्वस्त मिळतो आहे, असे कोणी सांगत असेल तर त्यात तथ्य नाही.

याच बैठकीतील दुसऱ्या निर्णयाची फारशी चर्चा झाली नाही. मानवनिर्मित तंतूंवरील कर १८ वरून ५ टक्के आणि त्यांच्या धाग्यावरील कर १२ वरून ५ टक्के करण्यात आला. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी कर, ही उलटी उतरंड सरळ करणे हा त्यामागचा हेतू होता. कापसाच्या सुतावर आधीपासूनच ५ टक्के कर होता. म्हणजे कराच्या बाबतीत कृत्रिम धाग्याच्या तुलनेत कापसाला मिळणारी सवलत आता उरलेली नाही.

कार्डिगन हा प्रकार आला कुठून?

समोरून उघडणारा, गुंड्यांचा, विणलेला स्वेटर म्हणजे कार्डिगन. हे नाव ब्रिटिश सेनाधिकारी जेम्स ब्रुडनेल याच्यावरून पडले. तो कार्डिगनचा सातवा अर्ल होता आणि १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील बालाक्लाव्हाच्या लढाईत ‘लाइट ब्रिगेड’च्या फसलेल्या चढाईचे नेतृत्व त्यानेच केले होते. महिलांमध्ये हा कपडा रुजवण्याचे श्रेय फ्रेंच वस्त्रकार कोको शनेल हिला दिले जाते. डोक्यातून घालायच्या स्वेटरने केस विस्कटतात, अशी तिची तक्रार होती म्हणतात. अंबाड्यावर गजरा माळून लग्नाला निघालेल्या कोणत्याही बाईला ही तक्रार वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

जालन्याच्या हवामानालाही समोरून उघडणारा स्वेटरच सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांच्या आसपास उतरतो, थंडीची लाट आली तर त्याहून खाली जातो. दुपारी मात्र तोच २८ ते ३० अंशांकडे सरकतो. सकाळी बसस्थानकावर गुंड्या लावायच्या आणि अकरा वाजता काढून पिशवीत टाकायचा, असा हा कपडा आहे. हिमाचलमधल्या थंडीसाठी विणलेला जाड, बंद गळ्याचा स्वेटर इथे वर्षातून चार दिवसही पुरता वापरला जात नाही.

ठिपके चित्त्याचे की बिबट्याचे?

दुकानात सरसकट ‘चित्ता प्रिंट’ म्हटले जाते, पण बहुतेक वेळा ती नक्षी बिबट्याची असते. ओळख सोपी आहे. चित्त्याचे ठिपके सुटे, भरीव आणि गोल असतात, जणू शाईत बोट बुडवून उमटवलेले. बिबट्याच्या अंगावर लहान काळ्या डागांचे तुटक कडे असते आणि कड्याच्या आतला रंग बाहेरच्या पिवळ्यापेक्षा थोडा गडद असतो. त्याच कड्याच्या आत आणखी बारीक ठिपके असतील तर तो दक्षिण अमेरिकेतला जग्वार.

ही नक्षी प्राण्याच्या अंगावर उमटते कशी, याचे गणिती उत्तर संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये सुचवले होते. गर्भाच्या त्वचेत दोन रासायनिक द्रव्ये पसरतात. एक रंगाला चालना देते, दुसरे तिला आवर घालते. दोघांच्या पसरण्याचा वेग वेगळा असेल तर रंग एकसारखा न पसरता ठिपक्यांत किंवा पट्ट्यांत गोठतो. योगायोग असा की, ट्युरिंग यांचा निबंध ज्या वर्षी छापला गेला, त्याच १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तो पुन्हा आला सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबियातून मध्य प्रदेशातील कुनोत. मराठी माणसाला ठिपकेवाला म्हणून ठाऊक असतो तो बिबट्याच, उसात लपणारा आणि गोठ्यावर येणारा.

प्राण्याच्या कातड्याची नक्षी कपड्यावर कधी चढली?

अंगावर प्राणी मिरवणे आपल्याकडे नवे नाही. पैठणीच्या पदरावर मोर आहेत, पोपट आहेत. खंडोबाच्या वाघ्याची भंडाऱ्याची पिशवी परंपरेने वाघाच्या कातड्याची असे. मात्र कातड्याची नक्षी, तीही बाईच्या रोजच्या कपड्यावर, ही पाश्चात्त्य फॅशनची वाट आहे. ख्रिस्तियाँ दिओर यांनी १९४७ मधील आपल्या पहिल्याच संग्रहात बिबट्याच्या ठिपक्यांचे छापील कापड वापरले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जॅकलीन केनेडी यांनी खऱ्या बिबट्याच्या कातड्याचा कोट घातला आणि अशा कोटांना मागणी वाढली. तो कोट तयार करणारे ओलेग कॅसिनी यांनी पुढे त्याबद्दल खंत व्यक्त केली होती.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कातड्यांचा व्यापार बेकायदा ठरला. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार किंवा कातड्याची खरेदी-विक्री सिद्ध झाल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद होऊ शकते. धोक्यातील प्रजातींच्या व्यापाराबाबतचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अमलात आला आणि खरे कातडे फॅशनमधून मागे पडले. ठिपके मात्र कापडावर आणि धाग्यावर राहिले. छापील किंवा विणलेल्या ठिपक्यांवर कोणतीही बंदी नाही.

महाराष्ट्रात या नक्षीला सध्या एक विचित्र संदर्भ आहे. पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांत बिबट्याच्या हल्ल्यांनी गावे धास्तावलेली आहेत. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात शेतात जाणाऱ्या महिला आणि पुरुष गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधू लागल्याच्या बातम्या नोव्हेंबरमध्ये आल्या होत्या. एकाच राज्यात, एकाच हिवाळ्यात, काही बायका अंगावर ठिपके मिरवत आहेत आणि काही त्याच ठिपक्यांच्या धाकाने गळ्यात लोखंड घालत आहेत.

नक्षी विणलेली की छापलेली?

किमतीतला मोठा फरक इथे पडतो. स्वस्त कार्डिगनमध्ये साधे एकरंगी विणलेले कापड घेऊन त्यावर ठिपके छापतात. कापड उलटून पाहिले की आतली बाजू फिकट किंवा कोरी दिसते. कापड ताणले की ठिपक्यांच्या मधून खालचा रंग डोकावतो. कोपरापाशी तो आधी दिसतो.

दुसरा प्रकार जकार्ड विणीचा. यात संगणकाला जोडलेल्या यंत्रावर शेकडो सुया ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येक ओळीला कोणत्या सुईने काळा धागा उचलायचा, कोणत्या सुईने पिवळा, हे आधी ठरवून दिलेले असते. संगणकाच्या पडद्यावरच्या चौकटी जशा एकेक भरल्या जातात, तसा इथे एकेक टाका भरला जातो. अशी नक्षी धुऊन जात नाही.

यातही एक मेख आहे. पिवळा टाका पडत असताना काळा धागा मागून मोकळा वाहत असतो. ठिपके मोठे असतील तर आतल्या बाजूला धाग्यांचे लांब लोंबते पूल तयार होतात. बाहीत हात घालताना काचेच्या बांगडीचा काठ किंवा अंगठीचा खडा त्यात अडकतो, धागा ओढला जातो आणि पुढचा ठिपका आक्रसतो. म्हणून घेण्यापूर्वी बाही उलटी करून पाहावी. मागे धागे मोकळे नसून बारीक दाण्यांसारखे गुंफलेले असतील तर वीण चांगली. असा कार्डिगन थोडा जड आणि थोडा महाग असतो. हातभर बांगड्या घालणाऱ्या बाईसाठी तोच योग्य.

‘लोकरीचा’ म्हणजे कशाचा?

मराठीत या शब्दाने मोठी गल्लत केली आहे. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे रंगीत गुंडे बहुतांशी ॲक्रिलिकचे असतात. आई-आजीने सुयांवर विणलेला ‘लोकरीचा’ स्वेटरही पुष्कळदा त्याचाच. ॲक्रिलिक हा ॲक्रिलोनायट्राइल या रसायनापासून बनणारा तंतू आहे आणि ते रसायन प्रोपिलीन व अमोनियापासून तयार होते. म्हणजे कुळ मेंढीचे नाही, तेलशुद्धीकरणाचे. मराठवाड्याची अस्सल लोकर दख्खनी मेंढीची, भरड आणि काळी. तिची घोंगडी होते. अंगाला टोचणाऱ्या त्या लोकरीचा मऊ कार्डिगन होत नाही.

ॲक्रिलिकला नावे ठेवण्यापूर्वी त्याचे गुणही सांगायला हवेत. तो हलका आहे, ऊब धरतो, भडक रंग त्यावर छान चढतात, धुतल्यावर लवकर वाळतो आणि कसर त्याला खात नाही. पाचशे रुपयांत अंगाला ऊब मिळते ती त्याच्यामुळे. देशातील स्वेटरचे सर्वात मोठे केंद्र असलेल्या लुधियानातून हा माल देशभर जातो. हिवाळ्यात महाराष्ट्रातील शहरांत दुकाने मांडणारे तिबेटी विक्रेतेही बराचसा माल तिथूनच आणतात, अनेकदा उधारीवर.

लेबल असेल तर त्यावर तंतूचे नाव पाहावे. नसेल तर शिवणीच्या आतून बोटभर धागा काढून, कपड्यापासून दूर, ताटलीवर चिमट्यात धरून जाळून पाहावा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. खरी लोकर जळत्या केसांसारखी वास मारते, मंद जळते आणि ज्योत दूर केली की बहुधा विझते. ॲक्रिलिक भराभर, काळा धूर सोडत, वितळत जळतो आणि थंड झाल्यावर कडक काळा गोळा उरतो. हा गोळा पुढच्या एका मुद्द्यासाठी लक्षात ठेवावा लागेल.

कापसाच्या जिल्ह्यात कापसाचा कार्डिगन का नाही?

जालना आणि कापूस यांचे नाते केवळ शेतापुरते नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, ती महिको आणि अमेरिकेच्या मोन्सॅन्टोच्या भागीदारीतून आलेल्या वाणांना. आज देशातील बहुतांश कापूस बीटी आहे. म्हणजे भारतीय कापसाचे बियाणे ज्या गावाने बदलले, त्याच गावाच्या बाजारात ॲक्रिलिकचे ढीग लागतात.

याची काही कारणे तांत्रिक आहेत आणि ती मान्य करायला हवीत. विणीच्या कपड्यात ऊब येते ती टाक्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. लोकरीचा किंवा ॲक्रिलिकचा फुगीर धागा ही हवा जास्त धरतो. कापसाचा धागा चपटा बसतो, जड होतो, ओला झाला की दिवसभर वाळत नाही आणि दोन-चार धुण्यांत कोपर-कंबरेपाशी सैल पडतो. थंड प्रदेशासाठी कापसाचा कार्डिगन खरोखरच कमी पडतो. जालन्याच्या बारा अंशांसाठी तो पुरतो, फक्त तो विणून इथपर्यंत आणणारी साखळी नाही.

शेतातून वेचलेला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. इथपर्यंतचे काम जिल्ह्यात आणि आसपास होते. पुढे मोठा हिस्सा तमिळनाडू, गुजरातकडच्या गिरण्यांकडे निघतो. सूत, वीण, रंग, शिलाई या ज्या टप्प्यांवर किंमत वाढते, ते सगळे बाहेर. ही गळती थांबावी म्हणून अमरावतीला ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्क उभारले जात असून त्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली.

शेतकऱ्याच्या वाट्याला काय येते, याचा हिशेब करून पाहता येतो. ४०० ग्रॅमचा कापसाचा कार्डिगन धरू. सूत काढताना होणारी घट धरली तर त्याला साधारण पावणेपाचशे ग्रॅम रुई लागेल. शंभर किलो कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, म्हणजे एका कार्डिगनला सरकीसह सुमारे १.४ किलो कापूस. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे पूर्ण हमीभाव मिळाला तरी एका कार्डिगनमागे शेतकऱ्याच्या हाती येतात सुमारे ११४ रुपये. मशागत, बियाणे, खत, फवारणी आणि बायकांनी किलोवर केलेली वेचणी, सगळे त्यातच.

आणि पूर्ण हमीभाव मिळणे हीच यंदा अडचण आहे. सप्टेंबरमधील अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके गेली, बोंडे भिजली. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते आणि त्यापुढचा कापूस परत पाठवते. यंदा त्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणीही करावी लागते. ज्याला केंद्रावर दाद मिळत नाही, त्याचा कापूस हमीभावाखाली खासगी व्यापाऱ्याकडे जातो. दुसरीकडे केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत असलेली ही सूट पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादल्यानंतर कापड उद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा, हे कारण होते. ते कारण खोटे नाही. पण सूट संपण्याची तारीख नेमकी वेचणीच्या ऐन हंगामावर येऊन पडली, ही गोष्ट शेतकऱ्याला पटवून देणे अवघड आहे.

या लढाईत कापसाचा प्रतिस्पर्धी केवळ आयात कापूस नाही. जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे, कापूस पाचव्या हिश्श्याच्या आसपास घसरला आहे. बिबट्याच्या ठिपक्यांचा स्वस्त कार्डिगन हा त्या मोठ्या बदलाचा घरात आलेला तुकडा आहे.

चुलीपाशी धोका किती?

गॅस जोडणी आली तरी ग्रामीण भागात हिवाळ्याच्या पहाटे अंघोळीचे पाणी अनेक घरांत चुलीवरच तापते. सरपण बहुधा पऱ्हाटीचे, म्हणजे वेचणी संपल्यावर उपटलेल्या कापसाच्या वाळक्या झाडांचे. पऱ्हाटी झटकन पेटते, तडतडते, ठिणग्या उडवते. आणि पाणी तापवणारी बाई त्याच वेळी स्वेटर घालून चुलीपुढे वाकलेली असते, कारण थंडी तेव्हाच जास्त असते.

कोणता तंतू किती सहज जळतो, हे मोजण्याचे एक माप आहे. जळत राहण्यासाठी भोवतालच्या हवेत किमान किती टक्के प्राणवायू लागतो, हे त्यात पाहतात. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. लोकरीला साधारण २५ टक्के लागतो, म्हणून ती हवेत सहसा जळत राहत नाही. कापूस आणि ॲक्रिलिक दोघांनाही सुमारे १८ टक्के पुरतो, म्हणजे दोन्ही जळतात. तेव्हा ‘सुती आहे, काही होत नाही’ हा समज चुकीचा आहे. सैल सुती पदर तर फारच लवकर पेट घेतो. फरक पुढचा आहे. सुती कापड जळून राख होते, ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटते. धागा जाळल्यावर ताटलीत उरलेला कडक काळा गोळा तो हाच. चिकटलेला भाग बराच वेळ तापलेला राहतो आणि जखम खोल जाते. खाली ॲक्रिलिक आणि वरून सुती पदर ही जोडी तर आणखी वाईट.

त्यामुळे चुलीपाशी आणि शेकोटीजवळ जाताना कार्डिगन काढून ठेवणे हाच सरळ उपाय. थंडी सहन होत नसेल तर आत दोन सुती थर, वरून अंगासरशी बसणारा कपडा, बाह्या कोपरापर्यंत वर आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला असावा. फॅशनमध्ये असलेल्या घेरदार, लोंबत्या बाह्यांचा किंवा लांब केसाळ धाग्याचा कार्डिगन गॅसच्या शेगडीपुढेही नको. केसाळ पृष्ठभागावरून ज्योत झर्रकन पसरते.

कपडा पेटलाच तर पळू नये, पळण्याने आग भडकते. जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती गोधडी गुंडाळून आग दाबावी. नंतर भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे गार वाहते पाणी सोडावे. चिकटलेले कापड ओढून काढू नये, ते रुग्णालयातच काढतात. हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

मग घालायचा कसा?

ठिपक्यांची नक्षी मुळातच बोलकी असते, तेव्हा बाकीचे कपडे गप्प असलेले बरे. काळी, मरून, बाटली हिरवी, गडद निळी किंवा सायीच्या रंगाची एकरंगी साडी या नक्षीला उत्तम चालते. फुलाफुलांची छापील साडी, बांधणी किंवा रुंद जरीकाठ असेल तर दोन नक्ष्या एकमेकींशी भांडतात. पैठणीवर तर हा कार्डिगन नकोच, तिथे एकरंगी शाल बरी. ठिपक्यांचा आकारही पाहावा. ठेंगण्या, किरकोळ अंगाच्या बाईला हाताच्या पंजाएवढे ठिपके झाकून टाकतात, तिथे रुपयाच्या नाण्याएवढे पुरेत. पहिल्यांदाच अशी नक्षी घेत असल्यास पिवळ्या-काळ्याऐवजी राखाडी किंवा तपकिरी छटेतली घ्यावी, ती लांबून जवळपास एकरंगी दिसते.

साडीवर पदर आत की बाहेर, हा खरा प्रश्न. आधी निऱ्या घालून पदर ब्लाउजला पिन करावा, वरून कार्डिगन घालावा आणि समोरच्या गुंड्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे पदराची उभी पट्टी मध्ये दिसते आणि अंग रुंद वाटत नाही. यासाठी गळा इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा हवा. पदर डोक्यावर घ्यायचा असेल तर तो बाहेरून घ्यावा लागतो, पण मग सेफ्टी पिन विणीत खुपसू नये. एक टाका तुटला की खालच्या ओळी उसवत जातात. मंगळसूत्राची वाटी आणि काळ्या मण्यांची तार विणीत अडकते, त्यामुळे लांब मंगळसूत्र कार्डिगनच्या आत राहिलेले चांगले.

पंजाबी ड्रेस किंवा कुर्तीवर लांबीचे गणित महत्त्वाचे. कार्डिगन एकतर कमरेपाशी संपावा किंवा गुडघ्याजवळ. कुर्तीच्या मध्येच, मांडीवर संपला तर उंची तुटते. जीन्स आणि एकरंगी टी-शर्टवर मात्र कोणतीही लांबी चालते. कार्यालयात किंवा शाळेत शिकवणाऱ्या महिलांनी अंग एकरंगी आणि फक्त बाह्या किंवा काठ ठिपक्यांचे, असा कार्डिगन निवडावा.

स्कूटीवरून पहाटे निघणाऱ्या मुलींची तक्रार असते की, जाड स्वेटर घालूनही वारा लागतो. यात स्वेटरचा दोष नाही. विणीच्या भोकांतून वारा आत शिरतो आणि ऊब धरून बसलेली हवा बाहेर ढकलतो. कार्डिगनवर वारा अडवणारे पातळ जर्किन चढवले तर तोच स्वेटर दुप्पट उबदार वाटतो. जर्किन आत आणि कार्डिगन बाहेर असे उलटे घालून उपयोग नाही.

धुताना काय?

उलटा करून, थंड पाण्यात, थोड्या सौम्य साबणात. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि दोरीवर किंवा हँगरला न टांगता खाटेवर पसरून सावलीत वाळवावा, नाहीतर ओल्या वजनाने खांदे उतरतात. काखेत आणि बाहीखाली येणारे धाग्यांचे गोळे बोटांनी ओढू नयेत, कात्रीने वरच्या वर छाटावेत. इस्त्री टाळावी. गरम इस्त्रीने ॲक्रिलिकची वीण चपटी होते आणि तो फुगवटा परत येत नाही. फेब्रुवारीअखेर तो घडी घालून पेटीत ठेवताना ॲक्रिलिकसाठी डांबराच्या गोळ्या लागत नाहीत. शेजारी घोंगडी ठेवली असेल, तर तिला लागतात.